रुजलेली गौर

"ह्यो तेरडा न्हवं," आई म्हणाली.

माझी बायको अनुसया उंबऱ्याबाहेर उभी होती. लग्नानंतरची तिची ती पहिली गौर. आमच्याकडं गौर म्हणजे तेरड्याच्या रोपांची जुडी. ओल्या खणात गुंडाळलेली हिरवी जुडी तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि तोंडात पाण्याची चूळ होती. गौर घेऊन येताना वाटेत बोलायचं नसतं, म्हणून आमच्या गावात बाया ओढ्यापासून घरापर्यंत तोंडात पाणी धरून येतात. त्यामुळे तिला आईला उत्तर देता येईना. तिनं डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं. मी ताट वाजवायला दारात उभा होतो. मला हसू आलं.

"हसतोस काय? हितं काय तमाशा चाललाय?" आई मला म्हणाली. मग तिच्याकडं वळली. "आन् तू गीळ ते पानी. गीळ आन् बोल."

अनुसयानं पाणी गिळलं. "आत्याबाई, वढ्याला तेरडा हायच कुटं? समदा वाळून गेलाय. सडकंच्या पुलाखाली हे एवढंच हिरवं दिसलं. बगा की, फुलं किती ग्वाड हायती."

आईनं जुडी हातात घेतली. पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली होती. शेंड्याला पांढरी बारीक फुलं, राजगिऱ्याच्या लाह्या चिकटवाव्यात तशी. आईनं वास घेतला आणि नाक मुरडलं.

"उग्र हाय."

"मग टाकून देऊ?"

आईनं जुडी फिरवून पुन्हा बघितली. त्या साली आणि त्याच्या आदल्या सालीही पावसानं दगा दिला होता. रानात डोळ्याला हिरवं म्हणून काही दिसत नव्हतं.

"असल्या दिसांत गौर हिरवी आली, ह्येच लई झालं," आई म्हणाली. तिनं अनुसयाच्या पायांवर दूध-पाणी घातलं, कुंकू लावलं आणि रीतीप्रमाणं विचारलं, "कुनाच्या पावली आलीस?"

"लक्ष्मीच्या पावली."

"काय घिऊन आलीस?"

"धनधान्य, गुरंवासरं," अनुसया म्हणाली आणि पुढं हळूच आपल्या मनाचं जोडलं, "आन् पाऊस."

मी ताट बडवलं. अनुसया कुंकवाची पावलं उमटवत आत आली.

पुढं हा प्रसंग तिनंच सगळ्यांना सांगितला. लेकींना सांगितला, सुनेला सांगितला. पाणी गिळतानाचा आवाजसुद्धा करून दाखवायची. आता सांगणारी नाही, म्हणून मी सांगतो आहे. मला तिच्यासारखं सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी गौर बोळवायची. ओढा कोरडा होता. आईनं गौरीला दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि जुडी आमच्या विहिरीच्या पाटात, ओलीत नेऊन ठेवली. बोळवण करून परतताना तिथली मूठभर माती आणायची आणि घरात, परसात, शेताच्या चारी कोपऱ्यांना टाकायची, ही आमची जुनी रीत. त्यानं पिकाला कीड लागत नाही म्हणतात. दोन साली पीक हाताला लागलं नव्हतं म्हणून आईनं मूठभर न आणता पाटी भरून माती आणली. सगळ्या रानात ती स्वतः टाकत फिरली. उरलेली तुळशीच्या कट्ट्याशी ओतली.

आणि आठवड्याच्या आत पाऊस आला. असा आला की विहीर काठाला लागली. त्या साली जोंधळा डोक्याच्या वर गेला. म्हैस व्याली तर रेडी झाली. आई येईल-जाईल त्याला सांगायची, "सुनंच्या पायगुनानं झालं. अशी गौर आनली माज्या सुनंनं!"

पुढच्या पावसाळ्यात ती गौर रुजून वर आली. तुळशीजवळ, परसात, बांधावर आणि भुईमुगाच्या रानात चारी अंगांनी. आईला आनंद मावेना. रोज सकाळी तुळशीबरोबर तिलाही पाणी, हळदकुंकू. शेळी जवळ जायची, हुंगायची आणि फुरफुरून मागं फिरायची.

"बग, मुकं जनावरबी देवाच्या झाडाला तोंड लावत न्हाई," आई म्हणायची.

आमच्या शेजारी दाजीबांचं रान. ते बांधावर येऊन ओरडायचे. "ए संपत! तुज्या आईची गौर माज्या मिरचीत शिरली! हिला आवतन कुनी दिलं?"

"मग हळदकुंकू लावा की दाजीबा," मी म्हणायचो.

"मी इळा लावीन!"

पण आईच्या भीतीनं त्यांनीही बांधाजवळची उपटली नाही. त्या वेळी गावात कुणालाच ते झाड माहीत नव्हतं. पुढं ते सगळीकडं झालं. आज शाळेतल्या पोरांनाही त्याचं नाव ठाऊक आहे. तेव्हा मात्र आमच्या रानापुरतं ते आईची गौर होतं.

भांगलण आली. आईनं बायांना ताकीद दिली, "गौर सोडून भांगला." बाया हराळी काढायच्या, लव्हाळा काढायच्या आणि गौर सोडून पुढं सरकायच्या. भुईमूग वीतभर आणि गौर कमरेएवढी. बाकीचं तण निघाल्यावर तिला रान मोकळं मिळालं. भुईमूग पिवळा पडत गेला. मला ते दिसत होतं. आईलाही दिसत असणार. पण आदल्या साली जोंधळा त्याच रानात डोक्याच्या वर गेला होता, आणि त्यापुढं कुणाचं काही चालेना.

अनुसया त्या गवतात दिवसदिवस बसून भांगलायची. श्रावणात तिच्या हातांवर पुरळ उठलं. मग मानेवर, मग डोळ्यांच्या पापण्यांवर. सकाळी उठली की डोळे उघडत नसत. खाजवून खाजवून कातडी काळी आणि जाड झाली. कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ झाली, खोबरेल झालं, तालुक्याच्या डॉक्टरचं मलम झालं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

भांगलायला येणाऱ्या बाया तिच्यापासून लांबची पात धरू लागल्या. तिच्या तांब्यातलं पाणी कुणी पिईना. एकीनं आईच्या कानात काही सांगितलं. ते काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, पण त्या रात्री आईनं अनुसयाची ताट-वाटी वेगळी ठेवली. अनुसयानं ते बघितलं. जेवून आपली वाटी आपण घासली आणि भिंतीला पालथी घातली.

मी आईला विचारलं, "हे काय?"

"तालुक्याच्या डाक्टरनं काय नाव सांगितलं का रोगाचं? न्हाई ना? मग बाया म्हंत्यात ते खोटं कशावरनं?"

"काय म्हंत्यात?"

आईनं तो शब्द घेतला. महारोग.

मी दुसऱ्या दिवशी अनुसयाला तिच्या माहेरी पोचवलं. डोंगराच्या पलीकडं, चढणीवरचं लहानसं गाव. "आठ-पंधरा दिस ऱ्हा, इसावा घे," मी म्हणालो. तीन आठवड्यांनी तिचा भाऊ तिला घेऊन आला तर चेहरा निर्मळ. हातावर नुसते डाग राहिलेले. आईनं तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि तिला जवळ घेतलं. दोन दिवसांनी गौरी होत्या. ह्या खेपेला ओढ्याला पाणी होतं, तेरडाही होता. पण आई म्हणाली, "गेल्या सालची पावली ती गौर आन." अनुसयानं जुडी छातीशी धरून आणली.

गौर बोळवली त्या दिवशी तिचे डोळे पुन्हा मिटले होते. गळ्याखाली, जिथं जुडी धरली होती तिथं, सगळं लाल झालं होतं.

आई माझ्याशी परसात बोलली. आवाज चढलेला नव्हता. तेच मला जास्त लागलं.

"माहेरात बरी हुती, आन् हितं आली की उठतं. आपलं घर तिला मानवत न्हाई, संपत. गौरबी तिच्या हातची घेईना झाली. दिवाळीपत्तुर वाट बगू. न्हाई बरी झाली तर माज्या भावाची इमल हाय. त्येनं इच्यारलंय."

"आई, ती माजी बायकू हाय."

"मग मी काय तिची वैरीन हाय? मी दारात पावलं काडून घेतली तिची. माज्या जिवाला बरं वाटतंय व्हय?"

अनुसया पुन्हा माहेरी गेली. जाताना पिशवीत तिचे सगळे कपडे होते. परसातलं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर मी तिकडं निघालो. निघताना आईनं माझ्या हातात खण-नारळ दिलं. त्याबरोबर तुळशीजवळच्या गौरीची एक जुडी, फुलांसकट, कापडात बांधून दिली. आईचे डोळे भरले होते.

"मी गौरीपुढं पदर पसरलाय. ही तिला उशाला ठिवाया सांग. आन् दोन फुलं डोक्यात माळ म्हनावं. बरी हुईल."

मी पोचलो तेव्हा अनुसया अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली नाही. लांबूनच म्हणाली, "कोन पावनं? वाट चुकला जनू."

"चुकलो न्हाई. मुद्दाम आलोय."

"इमल बरी हाय न्हवं?"

ती हसली आणि मग तोंड फिरवून शेंगा फोडत राहिली. चेहरा स्वच्छ होता. नाकावर दोन-तीन तीळ होते, ते आजारात दिसेनासे झाले होते. ते पुन्हा दिसायला लागले होते.

मी जुडी दिली आणि आईचा निरोप सांगितला. तिनं तो पाला दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. "आत्याबाईंनी पदर पसरला?" तिनं दोनदा विचारलं. मग दोन फुलं उजव्या कानामागं खोवली आणि बाकीची जुडी उशाशी ठेवली.

सकाळी तिला काही नव्हतं. संध्याकाळी खाज सुटली. त्याच्या दुसऱ्या सकाळी मी उठलो तर ती चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात डोक्याला हात लावून बसल्या होत्या. अनुसयानं वळून बघितलं. उजवा डोळा सुजून बंद झाला होता.

"हितंबी आलं बगा," ती म्हणाली. "तुमच्या घराचा दोष न्हाई. माज्याच अंगात हाय. आत्याबाईंस्नी सांगा, इमल आना म्हनावं."

ती अगदी शांतपणे बोलली. मी तिच्याकडं नुसता बघत बसलो. बघता बघता एक गोष्ट नजरेला आली. उजवा डोळा, उजवा गाल, उजवा कान. कानामागं तर कातडी फोडांनी भरली होती. डावी बाजू तशीच स्वच्छ.

"फुलं कुठल्या कानामागं खोवली हुतीस?"

तिनं हात उजव्या कानाकडं नेला. हात तिथंच राहिला.

मग ती उठली, आत गेली, उशाशी ठेवलेली जुडी घेऊन आली. एक पान तोडलं, चुरगाळलं आणि डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला घासलं.

"अगं, काय करतीस?"

"बगू द्या." तिनं परसातून शेवग्याचा पाला आणला आणि तो उजव्या दंडावर तसाच घासला. दोन्हीवर चिंधी बांधली. "आता तुमी जायाचं न्हाई. मी बगीन आन् तुमीबी बगायचं. मागनं कुनी म्हनाय नगं, अनशीनं लबाडी केली."

मी राहिलो. जावई एक रात्रीला आला आणि मुक्काम हलवीना, म्हणून सासरे संध्याकाळी तंबाखू मळत म्हणाले, "पावनं, शेतीवाडी हाय न्हवं जाग्यावर? का इकून आलाय?"

"ऱ्हाऊ द्या की तात्या," अनुसया आतून म्हणाली. "तुमच्या भाकरी खात्यात, जमीन न्हाई."

त्याच्या पुढच्या सकाळी तिनं चिंध्या सोडल्या. उजवा दंड जसा होता तसा. डाव्या दंडावर पानाएवढा लाल डाग उठला होता, वर बारीक फोड. ती त्या डागाकडं बघून रडायला लागली. तेवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. आणि रडता रडता म्हणाली, "लई खाजतंय हो. लई चांगलं खाजतंय."

परतीच्या वाटेवर मी तालुक्याला उतरलो. शेती खात्याच्या कचेरीत एक चष्मेवाले साहेब होते. मी जुडी टेबलावर ठेवली तशी त्यांनी खुर्ची मागं घेतली.

"हे कुठून आणलंत? हे गाजरगवत. बाहेरून आलेलं तण आहे. एका झाडाला हजारो बी येतं, मोहरीहून बारीक. मातीतून जातं, पाण्यातून जातं. पीक खाऊन टाकतं. फुलायच्या आत मुळासकट उपटा."

"अंगावर उठतं का ह्यानं?"

"काही जणांच्या उठतं. काही जण जन्मभर हाताळतात, त्यांना काही होत नाही."

मला तेवढंच पाहिजे होतं.

घरी आलो. आई जोत्यावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. कानामागची फुलं, दोन्ही दंड, कचेरी, बी. आई ऐकत होती. मी मातीवर आलो, पाटी भरून टाकलेल्या मातीवर, आणि थांबलो. पुढचं तिचं तिला कळलं.

"म्हंजी मी टाकली," ती म्हणाली. "माज्या हातानं समद्या रानात."

आई उठून आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

सकाळी मी उठलो तेव्हा चुलीवर भात शिजला होता. आईनं त्यात दही कालवलं. हळदकुंकवाचा करंडा घेतला आणि तुळशीपाशी गेली. तिथल्या गौरीला कुंकू लावलं, दहीभात ठेवला, हात जोडले.

"गौर तिसऱ्या दिशी जायाची आसती," ती म्हणाली. मला की गौरीला, कळलं नाही. "ती पावनी. आपुन तिला दोन सालं डांबून ठिवली. कावनार न्हाई तर काय करंल?"

आणि तिनं ते झाड बुडख्याशी धरून मुळासकट उपटलं.

मग आम्ही रानात गेलो. आई, मी, आणि बांधावरनं बघून दाजीबाही आले. त्यांच्या तोंडावर बोलणं आलं होतं, पण आईकडं बघून त्यांनी ते गिळलं. इळा खाली ठेवला आणि हातानं उपटायला लागले. दोन दिवस उपटत होतो. ढीग करून जाळला. शेवटी आईनं बांधावर उभं राहून हात झटकले, पदर झटकला, पायाच्या टाचा दगडावर घासल्या. ह्या वेळी तिनं रानातली माती घरी आणली नाही.

"आता अनशीला आनाय मी जाती," ती म्हणाली. "तू गप घरी बस."

आई कधी व्याह्यांच्या दारात गेली नव्हती. डोंगर चढून गेली. दिवाळीच्या आदल्या दिवशी दोघी परत आल्या. मी दारात उभा होतो. आईनं अनुसयाला उंबऱ्याबाहेर थांबवलं, स्वतः आत आली आणि दूध-पाणी घेऊन बाहेर गेली. गौरीचे दिवस नव्हते. तरी तिनं अनुसयाचे पाय धुतले आणि विचारलं, "कुनाच्या पावली आलीस?"

अनुसयाला उत्तर देता येईना. ह्या वेळी तोंडात पाणी नव्हतं.

ते गवत एकदा उपटून जात नाही. मातीत बी राहतं, दर पावसाला वर येतं, आणि पुढं तर ते सगळ्या मुलखात झालं. दर साली फुलायच्या आत मी ते उपटत आलो. अनुसयाला रानात उतरू देत नसे. ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला, बांधावर, नाकाला पदर लावून बसायची आणि बोट दाखवायची. "त्यो राहिला बगा. तुरीच्या मागं. डोळं हायती का गोट्या?" तिची नजर पक्की होती. तिच्यापासून एक झाड सुटत नसे. शेवटी शेवटी मी मुद्दामच एखादं ठेवून पुढं जायचो. मग मागून हाक यायची आणि मी कपाळाला हात मारून परत फिरायचो. तिला ते ठाऊक होतं की नाही, कधी विचारलं नाही.

गेल्या माघात ती गेली. दमा होता.

परवा एकटाच रानात उतरलो. दाखवायला कुणी नाही म्हणून पात धरून, नीट बघून, सगळं उपटलं. बांधावर आलो, ती बसायची त्या दगडावर बसलो आणि मागं बघितलं.

तुरीच्या मागं एक राहिलं होतं. मुद्दाम ठेवलेलं नव्हतं.

मी बराच वेळ तिथं बसलो. मग उठलो, आणि जाऊन ते मुळासकट उपटलं.